हिपॅटायटिस बी-सी आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या: काय घ्यावं, काय टाळावं

रक्तदान करून काही दिवस होतात आणि रक्तपेढीतून बोलावणं येतं. कधी गरोदरपणातल्या तपासण्यांत, कधी हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ असं छापून येतं. आपल्याकडे दीर्घकाळ अंगात असलेल्या हिपॅटायटिस बी किंवा सी चा पत्ता अनेकांना असाच लागतो. डोळे पिवळे नसतात, भूक चांगली असते, कामधंदा सुरू असतो. डॉक्टर पुढच्या तपासण्या लिहून देतात आणि त्याच आठवड्यात घरी सल्ल्यांची रांग लागते. मेहुणा झिंकच्या गोळ्या आणून देतो, शेजारचे काका गुळवेलीचा काढा सुचवतात, दुकानातून ‘लिव्हर टॉनिक’ येतं आणि मोबाइलवर सेलेनियमच्या कॅप्सूलची जाहिरात येऊन पडते. सगळ्यांचं सांगणं एकच असतं: प्रतिकारशक्ती वाढवा, विषाणू आपोआप जाईल.

यातला अर्धा भाग खरा आहे. जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी पडली, तर प्रतिकारशक्तीचं काम बिघडतं. मात्र ती जास्तीची घेतल्यानं बी किंवा सी विषाणू निघून जात नाही आणि काही घटक तर आजारी यकृतालाच त्रास देतात. म्हणून या आजारात नियम सोपा ठेवावा: उणीव असेल तर ती भरून काढा, उणीव नसेल तर गोळी घेऊ नका आणि या दोन्हींच्या नादात विषाणूवरचं औषध लांबणीवर टाकू नका.

प्रतिकारशक्ती कुठे अडते

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी आहे. हे विषाणू यकृताच्या पेशींत राहतात, पण पेशींचा नाश मुख्यतः विषाणू करत नाही. विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून आपलीच प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर हल्ला करते. यकृताच्या रक्ततपासणीत ‘एसजीपीटी’ वाढलेलं दिसतं ते बहुतेक वेळा या हल्ल्यामुळे.

हल्ला पुरेसा जोरदार आणि नेमका झाला तर विषाणू निघून जातो. मोठ्या वयात बी विषाणूची लागण झालेल्यांपैकी साधारण ९५ टक्के लोक काही महिन्यांत त्यातून मोकळे होतात. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांत मात्र सुमारे ९० टक्के वेळा आजार कायमचा राहतो, कारण त्या वयातली यंत्रणा विषाणूला परका मानायला शिकलेलीच नसते. वर्षानुवर्षं विषाणू समोर राहिला की त्याच्याशी लढणाऱ्या ‘टी’ पेशी थकतात. त्यांना विषाणू हटवता येत नाही आणि त्या पूर्ण शांतही बसत नाहीत. या धुमसत्या सुजेतून यकृतात चट्टे पडतात आणि पुढे सिरोसिस होतो.

हा थकवा झिंकच्या किंवा ‘डी’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतून आलेला नसतो, त्यामुळे त्या गोळ्यांनी तो जातही नाही. शिवाय प्रतिकारशक्ती ‘वाढणं’ या आजारात नेहमी चांगलंच असतं असंही नाही. हिपॅटायटिस बी मध्ये ती एकाएकी उसळली की एसजीपीटी शेकड्यांत जातं, कधी यकृत निकामी होण्याची वेळ येते.

विषाणूवर नेमकी औषधं मात्र आज आहेत. हिपॅटायटिस सी साठी सोफोसबुव्हिर आणि त्यासोबत डॅक्लाटासव्हिर किंवा वेल्पाटासव्हिर, असा बहुतेकांना १२ आठवड्यांचा कोर्स असतो आणि शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. हिपॅटायटिस बी मध्ये टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर विषाणूला दाबून ठेवतात. पेशीच्या केंद्रकात त्याचा साठा उरतो, म्हणून ही गोळी बहुधा अनेक वर्षं चालते आणि मनानं बंद केली तर आजार उसळतो. बी च्या प्रत्येक रुग्णाला लगेच गोळी लागतेच असं नाही, पण नियमित तपासणी प्रत्येकाला लागते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्याची चौकशी करा. महागड्या कॅप्सूलवर खर्च करण्याआधी हा रस्ता माहीत असायला हवा.

रिपोर्टमधल्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका

रक्तातले बरेच सूक्ष्म पोषक घटक कुठल्या ना कुठल्या प्रथिनाला धरून फिरतात आणि ही वाहक प्रथिनं यकृतातच तयार होतात. यकृत आजारी पडलं की वाहक घटतात आणि शरीरात घटक पुरेसा असला तरी रक्तात तो कमी दिसतो. एसटी कमी सुटल्या की रस्त्यावर प्रवासी कमी दिसतात, त्यावरून गाव रिकामं झालं असं ठरवता येत नाही.

झिंकचा बराचसा भाग अल्ब्युमिनला धरून असतो, म्हणून अल्ब्युमिन घटलं की झिंकचा आकडा उतरतो. कुठल्याही सुजेत किंवा तापातही तो तात्पुरता उतरतो. ‘ए’ जीवनसत्त्वाचा वाहकही यकृतच बनवतं. उलट फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, सूज असली की वाढतं. त्यामुळे लोह कमी असूनही फेरिटिन ‘नॉर्मल’ येऊ शकतं आणि लोह जास्त नसतानाही ते वाढलेलं दिसू शकतं. बी-१२ चा साठा यकृतात असतो. पेशी फुटल्या की तो रक्तात उतरतो आणि कमतरता असलेल्या माणसाचाही आकडा भरपूर दिसतो.

आणखी एक अडचण केसांच्या गोळ्यांची. ‘हेअर, स्किन अँड नेल्स’ नावानं विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं, म्हणजे रोजच्या गरजेच्या शेकडो पट. प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांची रचनाच बायोटिनवर आधारलेली असल्यानं थायरॉइड, ‘डी’, फेरिटिन आणि काही ठिकाणी हिपॅटायटिसच्या चाचण्यांचेही आकडे चुकू शकतात. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी प्रयोगशाळेला सांगा आणि किती दिवस आधी बंद ठेवायची ते विचारा.

म्हणून ‘संपूर्ण व्हिटॅमिन प्रोफाइल’च्या मोठ्या पॅकेजमागे लागू नका. जिचा निकाल पाहून उपचार बदलेल तीच तपासणी करा. साधारणपणे हिमोग्लोबिन, फेरिटिनसोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बी-१२ आणि २५-हायड्रॉक्सी ‘डी’ एवढ्यात काम भागतं. झिंकची तपासणी सिरोसिस असेल किंवा लक्षणं असतील तर करावी. ती सकाळी, उपाशीपोटी आणि धातूविरहित खास नळीत रक्त घेऊन करावी लागते. सोबत अल्ब्युमिन आणि सूज दाखवणारं सीआरपी पाहिल्याशिवाय यातल्या कुठल्याच आकड्याचा अर्थ लावू नये.

‘डी’ जीवनसत्त्व

त्वचेत बनलेलं किंवा अन्नातून आलेलं ‘डी’ पहिल्या टप्प्यात यकृतात बदलतं, दुसऱ्या टप्प्यात मूत्रपिंडात. प्रतिकार करणाऱ्या काही पेशी हा दुसरा टप्पा स्वतःही पार पाडतात आणि त्यातून जंतुनाशक प्रथिनं तयार करतात. त्यामुळे ‘डी’ आणि प्रतिकारशक्तीचं नातं खरं आहे. यकृताच्या जुन्या आजारात ‘डी’ कमी असणं अगदी सर्रास दिसतं.

पण उपचारातला अनुभव सावध करणारा आहे. हिपॅटायटिस सी वर इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली जात तेव्हा सोबत ‘डी’ देऊन पाहिलं गेलं. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. आता नव्या गोळ्यांनीच इतके रुग्ण बरे होतात की विषाणूसाठी ‘डी’ घेण्याचं कारण उरलेलं नाही.

मग ‘डी’ कशासाठी घ्यायचं? हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. आकडा मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ते भरून काढायलाच हवं. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल या प्रकारची गोळी चालू असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावं, कारण काहींमध्ये तिनं मूत्रपिंडातून फॉस्फेट जातं आणि हाडं ठिसूळ होतात. त्यांनी क्रिएटिनिन आणि फॉस्फेट अधूनमधून तपासावं. तक्रार दिसली तर डॉक्टर टेनोफोव्हिर अलाफेनामाइड किंवा एन्टेकाव्हिर देऊ शकतात.

६० हजार युनिटची आठवड्याची पुडी ठरावीक आठवड्यांपुरती असते. ती वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेणारे लोक कमी नाहीत. ‘डी’ शरीरात साठतं आणि जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. सतत तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, मुतखडा ही त्याची लक्षणं. पुडी किती आठवडे घ्यायची आणि पुन्हा तपासणी कधी, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

झिंक

थायमस ग्रंथीच्या ज्या संप्रेरकाच्या मदतीनं ‘टी’ पेशी तयार होतात, त्याला झिंक लागतं. अमोनियाचं युरियात रूपांतर करणाऱ्या यकृतातल्या यंत्रणेलाही ते लागतं. सिरोसिसमध्ये जेवण कमी झालेलं असतं, आतड्यांतून शोषण घटतं आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे झिंक बाहेरही जातं. म्हणून खरी कमतरता या टप्प्यावर दिसते. तोंडाची चव जाणं, जखम लवकर न भरणं, तोंडाभोवती पुरळ, केस गळणं, तिन्हीसांजेनंतर कमी दिसणं अशी तिची लक्षणं आहेत. चव गेली की जेवण आणखी घटतं, म्हणून ही तक्रार किरकोळ समजून सोडू नये. यकृताच्या आजारात गुंगी किंवा भ्रम होणाऱ्या काही रुग्णांनाही डॉक्टर झिंक देतात, पण ते मूळ औषधांच्या जोडीला.

सिरोसिस नसलेल्या, नीट जेवणाऱ्या माणसाला मात्र रोजच्या गोळीची गरज नाही. झिंक विषाणूला मारतं असा समज असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या: हिपॅटायटिस सी विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनाच्या घडणीतही झिंकचा अणू असतो. प्रौढांसाठी झिंकची वरची मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम धरतात. बाजारात ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात आणि करोनाकाळात लागलेली त्यांची सवय काहींची अजून सुटलेली नाही. महिनोन्महिने एवढं झिंक घेतलं की तांबं शोषलं जात नाही. रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात. म्हणजे प्रतिकारशक्तीसाठी घेतलेली गोळी तिलाच मारक ठरते. पाकिटावर ‘एलिमेंटल झिंक’ किती आहे ते पाहा. झिंक सल्फेटच्या २२० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष झिंक सुमारे ५० मिलिग्रॅम असतं.

सेलेनियम: चीनचा अनुभव आणि बुलढाण्याचा

सेलेनियमच्या जाहिरातींमागे एक खरा अभ्यास आहे. चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाजवळ चिडोंग नावाचा भाग आहे. तिथे हिपॅटायटिस बी आणि यकृताचा कर्करोग दोन्ही फार. मातीत सेलेनियम कमी आढळल्यानं संशोधकांनी एका गावसमूहाला सेलेनियमयुक्त मीठ दिलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ वर्षांत तिथलं यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या छोट्या प्रयोगात बी विषाणू असलेल्या २२६ जणांपैकी निम्म्यांना चार वर्षं रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं. त्या गटात कर्करोग झाला नाही, न घेणाऱ्या ११३ जणांपैकी सात जणांना झाला.

निकाल लक्षवेधी आहे, पण तो कुठला आहे हे विसरू नये. मुळात सेलेनियमची उणीव असलेल्या भागातला तो प्रयोग आहे, छोट्या गटातले आकडेही थोडे आहेत. त्याच काळात त्या भागातलं मुख्य अन्न बुरशी लागणाऱ्या मक्याकडून तांदळाकडे वळत होतं आणि कर्करोग घटण्यात त्याचाही मोठा वाटा मानला जातो. उणीव नसलेल्या माणसाला सेलेनियम दिल्यानं असाच फायदा होतो, असं या प्रयोगावरून सांगता येत नाही.

अतिरेकाचं उदाहरण शोधायला मात्र महाराष्ट्राबाहेर जायला नको. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव परिसरातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडून टक्कल पडू लागलं. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तिथल्या रुग्णांचे आणि गव्हाचे नमुने तपासले. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम खूप वाढलेलं आणि झिंक घटलेलं आढळल्याचं सांगून त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. हा गहू पंजाबकडून आल्याचं सांगितलं गेलं आणि पंजाबच्या काही भागांतल्या जमिनीत सेलेनियम मुळातच जास्त आहे. रोजची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम एवढीच आहे आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये वरची मर्यादा २५५ मायक्रोग्रॅमवर आणली. पुरेसं आणि घातक यांच्यातलं अंतर इतकं कमी असताना २०० मायक्रोग्रॅमची कॅप्सूल मनानं सुरू करणं शहाणपणाचं नाही. गव्हाची पोळी, अंडी, मासे खाणाऱ्याला सेलेनियम सहसा ताटातूनच मिळतं.

लोह: भीतीही नको, टॉनिकही नको

लोहाचं शोषण किती व्हावं हे यकृतातून निघणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक ठरवतं. हिपॅटायटिस सी मध्ये ते घटतं आणि लोह यकृतात साठू लागतं. साठलेल्या लोहानं पेशींची झीज वाढते. इंटरफेरॉनच्या काळात जपानमध्ये अशा रुग्णांचं थोडं थोडं रक्त काढून लोह कमी करण्याचा उपाय वापरला जात असे. म्हणून ‘अशक्तपणा वाटतोय’ एवढ्यावर लोहाचं टॉनिक सुरू करू नका. त्यासोबत ‘सी’ जीवनसत्त्वाची मोठी गोळी तर नकोच, कारण ती लोहाचं शोषण आणखी वाढवते.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. महाराष्ट्रात स्त्रियांमध्ये रक्तक्षय मोठ्या प्रमाणावर आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या गरोदर स्त्रीनं सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या भीतीपोटी बंद करू नयेत. लोह खरोखर कमी असेल तर ते द्यायचंच असतं. सिरोसिसच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन उतरत असेल तर आधी रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून होणारा रक्तस्राव टॉनिकच्या बाटलीमागे लपून राहू नये. शौचाचा रंग डांबरासारखा काळा झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

‘ए’ आणि बी-१२

‘ए’ जीवनसत्त्वाचा साठा यकृतातल्या ताऱ्याच्या आकाराच्या खास पेशींत असतो. सूज वर्षानुवर्षं राहिली की याच पेशी साठा सोडून चट्टे घडवणारे तंतू विणू लागतात. म्हणून पुढच्या टप्प्यात ‘ए’ कमी पडू शकतं. मात्र त्याचा डोस जास्त झाला तर तो स्वतःच यकृताला विषारी असतो. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूल, मल्टिव्हिटॅमिन आणि त्वचेसाठीची ‘ए’ची गोळी अशी बेरीज नकळत होते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, पिकलेला आंबा यांतून मिळणाऱ्या ‘ए’ला हा धोका नाही.

बी-१२ ची गोष्ट वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळलं होतं. शाकाहारी असाल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, आणि हातापायांना मुंग्या येत असतील, तर रिपोर्टमधला बी-१२ चा आकडा ‘नॉर्मल’ आहे म्हणून थांबू नका. होमोसिस्टिनसारखी जोडचाचणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा. या जीवनसत्त्वाच्या अतिरेकाची फारशी भीती नाही, कमतरतेची मात्र आहे.

‘नैसर्गिक’ आहे म्हणून निर्धोक नाही

करोनाकाळात गुळवेलीचा काढा घरोघरी पोचला. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयानं या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांचा राहू द्या. ज्याच्या यकृताला आधीच प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्यानं सूज आहे, त्यानं तिला चेतवणारा काढा स्वतःच्या मनानं घेऊ नये, एवढं नक्की.

अनेक लिव्हर टॉनिकांत असणाऱ्या सिलिमरिनची कसून परीक्षा झाली आहे. अमेरिकेत हिपॅटायटिस सी च्या १५४ रुग्णांपैकी काहींना २४ आठवडे ते मोठ्या मात्रेत आणि बाकीच्यांना औषध नसलेली साधी गोळी देऊन पाहिली. २०१२ मध्ये आलेल्या निकालात एसजीपीटीवर त्याचा परिणाम साध्या गोळीपेक्षा वेगळा नव्हता. काविळीची माळ गळ्यात घालणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘कावीळ उतरवणं’, नाकात थेंब टाकणं यांत जाणारा वेळ हेच त्याचं खरं नुकसान. घटक न छापलेली कुठलीही पुडी घेऊ नका. वैद्यांकडून काही घेत असाल तर त्याचं पाकीट यकृततज्ज्ञांना दाखवा. लपवू नका.

ताटात काय असावं

कावीळ म्हटलं की आपल्याकडे बिनतेलाचं, बिनहळदीचं जेवण आणि उसाचा रस सुरू होतो. जुन्या हिपॅटायटिसमध्ये या पथ्याचा उपयोग नाही आणि सिरोसिसमध्ये ते नुकसान करतं, कारण त्यात प्रथिनं घटतात आणि स्नायू झिजतात. सिरोसिसच्या रुग्णाला किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलो वजनाला हे ७० ते ९० ग्रॅम होतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीत जवळपास तेवढीच. म्हणजे वरण-भात एवढ्यावर भागत नाही. डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, अंडी, मासे यांची जोड हवी.

झिंक आणि लोह ताटातूनच वाढवण्याची आपल्या स्वयंपाकघरात जुनी सोय आहे. कडधान्यांतलं फायटेट ही खनिजं धरून ठेवतं. मोड आणले किंवा पीठ आंबवलं की ते घटतं आणि खनिजं अंगी लागतात. मोडाची मटकी, आंबोळी, इडली, भोपळ्याच्या बिया, तीळ हे स्वस्त आणि रोजच्या वापरातले पर्याय आहेत.

सिरोसिस असेल तर रात्री उपाशी झोपू नका. झोपण्याआधी निदान ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत, म्हणजे साधारण दोन पोळ्या आणि पेलाभर दूध. लांबलेल्या रात्रीच्या उपासात शरीर स्नायू जाळून ऊर्जा काढतं, ते यामुळे थांबतं. कडक उपासतापासही टाळा. मधुमेह असेल तर हे प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा.

काही गोष्टी जपायला हव्यात:

- बुरशी लागलेले, काळवंडलेले, कडवट शेंगदाणे आणि मका निवडून फेकून द्या. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन आणि बी विषाणू एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. दाणे भाजल्यानं हे विष पूर्ण जात नाही. तयार दाण्याचं कूट आणण्यापेक्षा चांगले दाणे निवडून घरीच करा. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात अशाच मक्यानं शंभरावर बळी घेतले होते.
- पोटात पाणी झालं असेल तर लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. पाणी उतरवणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू असताना ते धोक्याचं.
- किनारपट्टीवरच्या वाचकांसाठी: सिरोसिस असेल तर कालवं, तिसऱ्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खाऊ नका. त्यातल्या जिवाणूचा संसर्ग जिवावर बेतू शकतो.
- दारू पूर्ण बंद. ‘कमी’ हा पर्याय इथे नाही. कमी साखरेची दोन-तीन कप कॉफी मात्र चालते. कॉफी पिणाऱ्यांत यकृतातले चट्टे कमी आढळल्याचं अनेक पाहण्यांत दिसलं आहे.

गोळ्यांच्या वेळा

एन्टेकाव्हिर उपाशीपोटी, म्हणजे जेवणानंतर निदान दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या दोन तास आधी घ्यावी. वेल्पाटासव्हिर असलेली गोळी आणि अँटासिड यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. आम्लपित्ताच्या रोजच्या गोळीबद्दलही आधी विचारा. हिपॅटायटिस सी चे उपचार सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, कारण सी गेल्यावर दबून असलेला बी डोकं वर काढू शकतो.

पुढच्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पाकिटं, पुड्या एका पिशवीत घालून न्या आणि हे प्रश्न विचारा:

१. माझ्या यकृतात चट्टे किती आहेत? सिरोसिस आहे का?
२. विषाणूचं प्रमाण किती? औषध आत्ता सुरू करायचं की वाट पाहायची?
३. यातली कुठली कमतरता खरी आणि कुठली यकृताच्या आजारामुळे फक्त रक्तात दिसणारी?
४. या पिशवीतलं काय बंद करू? जे चालू ठेवायचं ते किती दिवस?
५. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आहे का?

शेवटचा प्रश्न सिरोसिस असलेल्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. हिपॅटायटिस सी पूर्ण बरा झाला तरी त्यांची सोनोग्राफी थांबत नाही.

घरच्यांसाठी

प्रतिकारशक्ती खात्रीनं वाढवता येते अशी एक जागा या सगळ्यात आहे: रुग्णाच्या घरातली बाकीची माणसं. हिपॅटायटिस बी असलेल्याच्या जोडीदाराची, मुलांची, आईची आणि भावंडांची तपासणी करा. ज्यांना लागण नाही आणि लसही झालेली नाही, त्यांनी शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस पूर्ण करावेत. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मानंतर शक्यतो बारा तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मिळायला हवं. त्याची व्यवस्था प्रसूतीच्या तारखेआधीच करून ठेवा. असं बाळ आईचं दूध पिऊ शकतं. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं हा आजार पसरत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर मात्र प्रत्येकाचं वेगळं असावं. हिपॅटायटिस सी ला लस नाही, पण तपासणी आणि बरा करणारा कोर्स आहे. झिंकच्या बाटलीसाठी बाजूला काढलेले पैसे घरातल्या मोठ्यांच्या तपासणीवर आणि लसीवर खर्च करा.